पिठाच्या डब्यामागं

अमोस शिरसाठ कुठंही बोलायला उभा राहिला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असे. "मी फ्रेममधल्या काडीलाही हात लावत नाही. जे आहे ते टिपतो." हे वाक्य तो छावणीतल्या चर्चच्या हॉलमध्ये बोलला होता, पुण्याच्या एका कार्यशाळेत बोलला होता, आणि एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारी निवांत जिलबी खाणाऱ्या परक्या माणसालाही त्यानं ते ऐकवलं होतं. वाक्य चांगलंच होतं. खरं नव्हतं, एवढंच.

तसा माणूस वाईट नव्हता, असं मी म्हणणार होतो, पण ते तुमचं तुम्हीच ठरवा. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, वडील चर्चच्या मंडळीचे खजिनदार, म्हणजे घरात बायबल आणि शिस्त दोन्ही जिथल्या तिथं. अमोसनं बरीच वर्षं लग्नांचे फोटो काढले. नवरीच्या गळ्यातला हार सरळ कर, नवरदेवाची मान वर कर, मागं उभ्या असलेल्या मामाला हाकल, हे करून करून हात तयार झाला आणि जीव विटला. मग शहरातल्या जीवनझरा संस्थेनं त्याला काम दिलं. कन्नड तालुक्यातल्या गावोगावच्या विश्वासणाऱ्यांचे फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोखाली त्या माणसाची साक्ष चार ओळींत छापायची. आधी कॅलेंडर, मग प्रदर्शन, मग पुस्तक. अमोसला वाटलं, आता आपण फोटोग्राफर झालो.

साक्ष म्हणजे काय, तर प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. कुणाची दारू सुटलेली असते, कुणाची रुसून गेलेली बायको परत आलेली असते. सगळे आमेन म्हणतात. पण एकदा दिली की साक्ष आपली राहत नाही, ती मंडळीची होते. दिलेला शब्द फिरवणारा माणूस गावात खपून जातो, दिलेली साक्ष फिरवणारा खपत नाही.

देवगाव रंगारीच्या अलीकडं एका वस्तीवर आवडाबाई राहायची. नवरा कधीच गेलेला, मुलगा वाळूजला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी येणारा. घरात ती आणि सून रत्नमाला. आवडाबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची आणि रविवारी मंडळीत गाणं उचलायची. तिचा आवाज असा खणखणीत, की पेटी बंद पडली तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. त्या आवाजाला खोकला लागला, अंगाचं चिपाड झालं, आणि सरकारी दवाखान्यात टीबी निघाला.

गोळ्या फुकट मिळाल्या. आरोग्य केंद्राची आशाताई घरी आणून द्यायची. आवडाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून रत्नमाला रोज सकाळी तिला एक स्तोत्र वाचून दाखवायची आणि ते संपलं की आवडाबाई गोळी घ्यायची. आधी स्तोत्र, मग गोळी. दोन्हींतलं एकही विसरू नये म्हणून गोळ्यांच्या पट्ट्या फळीवर बायबलाला टेकवून ठेवलेल्या. इकडं मंडळी दर बुधवारी तिच्यासाठी प्रार्थना करत होती. दोनेक महिन्यांत खोकला बसला, भूक लागायला लागली, आणि एका रविवारी आवडाबाई उभी राहून म्हणाली, "प्रभूनं मला उठवलं." तिच्या लेखी यात काही भांडण नव्हतं. प्रार्थना प्रभूची आणि गोळीही प्रभूचीच. एक कानानं घ्यायची, एक पाण्याबरोबर.

तिथल्या मंडळीचे पाळक गोकुळराव भालेरावांनी ही साक्ष संस्थेला कळवली, आणि थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी ते अमोसला घेऊन आवडाबाईच्या दारात आले.

"सलाम, मावशी," अमोस म्हणाला.

"सलाम, साहेब. या." तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. शहरातून कुणीतरी फक्त आपल्यासाठी आलंय, याचंच तिला मोठं नवल वाटत होतं.

दारातून ऊन थेट फळीवर पडत होतं. अमोसनं तिला फळीपाशी उभं केलं, हात बायबलावर ठेवायला सांगितला आणि एक फोटो काढला. मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून नाराजीनं मान हलवली. चेहरा छान आला होता, हात छान आला होता, पण गोळ्यांच्या पट्ट्यांची चांदी उन्हात अशी चमकत होती की डोळा चेहऱ्यावर ठरतच नव्हता. त्यानं दोन पावलं पुढं होऊन पट्ट्या उचलल्या, खालच्या पिठाच्या डब्यामागं सारल्या आणि मागं सरकला.

"हं. आता दाराकडं बघा, मावशी."

आवडाबाईनं दाराकडं पाहिलं नाही. तिनं आधी त्याच्या हाताकडं पाहिलं, मग डब्याकडं पाहिलं, आणि मग सावकाश दाराकडं पाहिलं. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते अमोसनं टिपलं. पुढं लोक त्या फोटोपुढं उभं राहून म्हणायचे, काय तेज आहे हो बाईच्या तोंडावर. ते तेज कशाचं होतं, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलंही नाही. फोटो झाल्यावर पाळकांनी प्रार्थना केली, "या बहिणीला तू पूर्ण बरं केलंस म्हणून, प्रभू, तुझे उपकार," आणि आवडाबाई सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाली. रत्नमाला चुलीपाशी चहा करत होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

नाताळला कॅलेंडर निघालं. पहिल्याच पानावर आवडाबाई. देवगावपासून पार अजिंठ्यापर्यंत ज्या ज्या घरात कॅलेंडर गेलं, त्या त्या घरात ती खिळ्यावर जाऊन बसली. जानेवारी संपला तरी कुणी पान उलटेना. कन्नडच्या बाजारात लोक तिला ओळखायला लागले. आजारी पोरं घेऊन बाया तिच्याकडं यायच्या, डोक्यावर हात ठेवा म्हणायच्या. शहरात प्रदर्शन भरलं, त्यात हाच फोटो दारासमोर लावला होता. कुणीतरी विचारलं, हे जमवून आणता का तुम्ही? अमोसनं आपलं वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. संस्थेच्या सुलेखा मॅडमनी तिथल्या तिथं पुस्तकाची घोषणा केली. मुखपृष्ठावर अर्थातच आवडाबाई.

पुस्तकासाठी तिचा आणखी एक फोटो हवा होता, म्हणून पावसाळा सरता सरता अमोस पुन्हा वस्तीवर गेला. पाळक सोबत होतेच. वाटेत ते म्हणाले, "बाईची तब्येत जरा नरम आहे. पण विश्वासात खंबीर आहे." अमोसला वाटलं, ताप-बिप असेल.

आवडाबाई बाजेवर होती. लुगड्याच्या आत बाई आहे की नुसतं लुगडं, हे जवळ जाईपर्यंत कळत नव्हतं. तिनं उठायचा प्रयत्न केला आणि खोकल्यानं तिला परत आडवं केलं. रत्नमालानं राखेचं भांडं पुढं धरलं. त्यात पडलं ते लाल होतं.

"मावशी," अमोस म्हणाला, "गोळ्या चालू आहेत ना?"

"नाय साहेब." ती हसली. बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला जसं हसू येतं तसं. "त्या दिसापासून येक नाय घेतली."

"कोणत्या दिवसापासून?"

"तुमी काढून ठिवल्या त्या दिसापासून. तोंडानं काय बोलला नाय तुमी, मला वाईट वाटंल म्हनून. पर मला तवाच समजलं. बायबलाशेजारी गोळी ठिवायची म्हंजी प्रभूवर अर्धाच इस्वास. म्या बी किती अडानी. साक्ष दिली, अन् वरून गोळ्या खात बसले."

रत्नमाला उठली आणि तिनं पिठाचा डबा पुढं ओढला. मागं भिंतीशी पट्ट्यांची चळत लागली होती. सगळ्यांत खाली अमोसनं ठेवलेल्या, त्यांवर पुढच्या महिन्याच्या, त्यांवर त्याच्या पुढच्या. एकही फोडलेली नव्हती. वर पिठाचा थर बसला होता.

"आशाताई आनून द्यायची," रत्नमाला म्हणाली. "इचारायची, मावशी, गोळ्या हायत ना? ह्या म्हनायच्या, हायत की, जागच्या जागी. तुमी जी जागा दावली, तिथंच ठिवायच्या. म्या लई भांडले, ब्रदर. मला म्हनल्या, शहरातून देवाचा मानूस आला, अन् आल्या आल्या पहिलं काम त्यानं हे केलं. तू त्याच्यापेक्षा शानी हाईस का?"

आता करायचं काय होतं? काही नाही, एक वाक्य बोलायचं होतं. मावशी, उन्हात चमकत होत्या म्हणून मी त्या हलवल्या, दुसरं काही कारण नव्हतं. शाळेत न गेलेल्या पोरालाही पाठ होईल एवढं वाक्य. ते ऐकून आवडाबाई कदाचित रडली असती, कदाचित त्याला चार शिव्या दिल्या असत्या, आणि मग पाणी मागून तिनं गोळी घेतली असती. ती जगातल्या कुणाचंही ऐकत नव्हती, पण ज्या हातानं गोळ्या हलवल्या त्याचं तिनं ऐकलं असतं. हे अमोसला कळत होतं. चांगलं कळत होतं.

पण दारात पाळक उभे होते. पुस्तकात साक्ष नीट यावी म्हणून त्यांनी मोबाईलवर बोलणं रेकॉर्डला लावलं होतं. आणि अमोसचं ते दुसरं वाक्य होतं ना, काडीलाही हात न लावण्याचं. ते हॉलमध्ये बोललेलं होतं, बातमीत छापून आलेलं होतं आणि पुस्तकाच्या मलपृष्ठावर जाणार होतं.

"एकदा डॉक्टरला दाखवू, मावशी," तो म्हणाला.

आवडाबाईचं हसू गेलं. "कामून? तुमी त्या दिशी चुकला व्हता का?"

रत्नमाला डबा धरून तशीच बसली होती.

"नाही," अमोस म्हणाला. "चुकलो नव्हतो."

"मंग झालं." आवडाबाईनं मान उशीवर टाकली. तिला खरोखरच बरं वाटलं. "मी भ्याले व्हते साहेब. म्हनलं, साक्ष खोटी पडती का काय."

मग त्यानं तिचा फोटो काढला. बाजेवरची बाई, छातीवर बायबल, खिडकीतून येणारा उजेड. फोटो उत्तम आला. अशा माणसांचे फोटो उत्तमच येतात, हा या धंद्याला शापच आहे.

परत येताना त्यानं रस्त्यातून सुलेखा मॅडमना फोन केला. एवढी लाज त्याला होती. मॅडम घाबरल्या. म्हणाल्या, "अरे, पुस्तक राहू दे बाजूला. बाई गोळ्या घेत नाहीये म्हणजे काय? मी जीप पाठवते, घाटीच्या दवाखान्यात आणा तिला. पण येईल का ती? कुणाचं ऐकते?"

"कुणाचंच ऐकत नाही," अमोस म्हणाला.

"आणि तिनं हे असं डोक्यात घेतलं कुठून?"

"काय माहीत. खेड्यातले लोक."

जीप गेली आणि रिकामी परत आली. ड्रायव्हरनं सांगितलं, म्हातारी म्हणते, फोटोवाले साहेब सांगून गेलेत की ते चुकले नव्हते. याचा अर्थ मॅडमना लागला नाही. ज्याला लागला असता त्याला त्यांनी विचारलं, तर त्यानं खांदे उडवले.

आवडाबाई नाताळच्या आधी गेली. शेवटी शेवटी तिला गाता येत नव्हतं, तर रत्नमालाला म्हणायची, तू म्हण, मी ओठ हलवते. मंडळीनं चर्चमध्ये स्मरणाची भक्ती, म्हणजे प्रार्थनासभा, ठेवली. कॅलेंडरवरचा फोटो मोठा करून, चौकटीत घालून, पुढं टेबलावर उभा केला होता. शहरातून सुलेखा मॅडम आल्या होत्या, पुस्तकाच्या ताज्या प्रती घेऊन. मुखपृष्ठावर तोच चेहरा, टेबलावर तोच चेहरा, आणि भिंतीवरच्या, सालभर पान न उलटलेल्या कॅलेंडरवरही तोच. चर्चमध्ये जिकडं बघावं तिकडं आवडाबाई होती आणि गाणं उचलायला कुणी नव्हतं. पेटी आधी वाजली, मग लोक मागून फरपटत गेले.

पाळक म्हणाले, "आमची बहीण बरी होऊन प्रभूकडे गेली." हे कसं काय, असं कुणी विचारलं नाही. मग त्यांनी अमोसला पुढं बोलावलं. "ज्या बंधूनं तिची साक्ष जगभर नेली, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

अमोस उभा राहिला. समोर पहिल्याच बाकावर रत्नमाला होती, पदर तोंडाला लावून. तिचे खांदे हलत होते आणि लोकांना वाटत होतं, सून सासूसाठी रडते आहे. खरं तर ती खोकत होती. एवढ्या माणसांत खरं बोलणं अवघड असतं, हे मला मान्य आहे. पण खोटं बोलणं भागच होतं असंही नाही. माणूस मूग गिळून बसू शकतो, प्रार्थना म्हणून खाली बसू शकतो. अमोसला मात्र एकच वाक्य पाठ होतं, आणि पाठ असलेलंच तोंडात येतं.

"मी कशालाही हात लावला नाही," तो म्हणाला. "जे होतं ते टिपलं. तेज तिचं होतं."

"आमेन," मंडळी म्हणाली.

भक्ती संपल्यावर रत्नमाला त्याच्यापाशी आली. "ब्रदर, चहा घेऊन जा घरी." नाही म्हणायला तोंड नव्हतं. मॅडम पाळकांशी बोलत थांबल्या आणि तो तिच्या मागून वस्तीवरच्या घरात गेला. बाज उभी करून भिंतीला लावली होती.

"एक मागायचं व्हतं," ती म्हणाली. "तुमी पहिल्या येळंला दोन फोटो काढले. पहिला काढला, मशीनमधी बघितला, अन् मान हलवली. त्यात आत्याबाई अन् गोळ्या संगंसंगं असत्याल. तो द्या मला. मला तशा हव्यात त्या. आधी स्तोत्र अन् मग गोळी, अशा."

तो फोटो होता. अमोसच्या संगणकात होता, आणि गेल्या काही महिन्यांत त्यानं तो अनेकदा उघडून पाहिला होता. खरं सांगायचं तर दुसऱ्यापेक्षा तोच चांगला होता. बाई, बायबल आणि गोळ्या. जे आहे ते.

"तसा फोटो नाही," तो म्हणाला. "एकच काढला होता."

रत्नमालानं मान डोलावली. तिला याचं आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. तिनं चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला, तोंड वळवून पुष्कळ वेळ खोकली आणि पदरानं ओठ पुसले.

"मंग माझा काढा," ती म्हणाली. "मला बी तेच निघालंय. उशाशी मीच व्हते ना त्यांच्या. कालच आशाताईनं आनून दिल्या."

ती फळीपाशी जाऊन उभी राहिली. फळीवर बायबल होतं आणि त्याला टेकवून नव्या पट्ट्या. तिनं हात बायबलावर ठेवला. कुठं उभं राहायचं, कुठं बघायचं, हे तिला सांगावं लागलं नाही. तिनं ते एकदा चुलीपाशी बसून पाहिलं होतं.

अमोसनं कॅमेरा डोळ्याला लावला. ऊन दारातून तसंच थेट फळीवर येत होतं. चेहरा चांगला होता, हात चांगला होता, आणि पट्ट्यांची चांदी उन्हात चमकत होती. डोळा चेहऱ्यावर ठरत नव्हता. त्यानं कॅमेरा खाली घेतला, दोन पावलं पुढं झाला आणि हात फळीकडं नेला. त्याच्या मनात काही नव्हतं. हाताला सवय होती.

रत्नमालानं त्याचं मनगट धरलं. तिच्या हाताला कडक ताप होता.

"नगं ब्रदर," ती म्हणाली. "मला जगायचंय."